स्तनाच्या कर्करोगाचा उपचार आणि सरकारी मदत: कोणता अर्ज आधी, कोणती कागदपत्रं हवीत

गाठ हाताला लागल्यापासून पहिल्या केमोपर्यंतचे दिवस घाईचे आणि भीतीचे असतात. घरचे लोक मिळेल तिथून पैसे उभे करतात, दागिने गहाण पडतात आणि हात रिकामे झाल्यावर कुणीतरी विचारतं, "काही योजना नाही का?" योजना आहेत. पण महाराष्ट्रातल्या रुग्णाला उपयोगी पडणाऱ्या मुख्य योजना आधीच भरलेलं बिल परत देत नाहीत. मदत मिळते ती पुढच्या उपचारासाठी आणि तीही मंजुरी आल्यावर. म्हणून या लेखात योजनांची नुसती यादी दिलेली नाही. कुठला कागद कधी हातात असायला हवा, यावर भर दिला आहे.

तपासणीला कागद लागत नाहीत

तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईची स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात व्हावी, असा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे. आशाताई घरी येऊन आजारांच्या धोक्याची चाचपणी करणारा जो सीबॅक अर्ज भरतात त्यात तीन प्रश्न याबद्दलचे असतात: स्तनात गाठ आहे का, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला आहे का. सासू, दीर समोर बसलेले असताना बाई तिन्ही प्रश्नांना "नाही" म्हणते. हे टाळायचं असेल तर आशाताईंना आत बोलवावं किंवा आपण केंद्रावर जावं. गाठ दुखत नाही म्हणून थांबणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखत नाही. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हेही तितकंच खरं, पण ते तपासल्यावरच कळतं.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नका. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखांहून अधिक महिलांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केल्यावर आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या महिलांमध्ये या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पहिला महत्त्वाचा कागद: बायोप्सीचा अहवाल

योजनेच्या मंजुरीसाठी कर्करोग असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे बायोप्सीचा, तुकडा तपासणीचा अहवाल. त्याआधीची मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सोनोग्राफी आणि खुद्द बायोप्सी यांचा खर्च पुष्कळदा स्वतःच करावा लागतो, म्हणून या तपासण्या शक्यतो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कराव्यात. अहवालासोबत ईआर, पीआर (हार्मोनशी संबंधित) आणि हर-टू (एका प्रथिनाची) या चाचण्यांचा निकालही घ्या. हार्मोनच्या गोळ्या चालतील का, हर-टूवरचं इंजेक्शन लागेल का, हे त्यावरून ठरतं आणि मंजुरीचा अर्ज करताना डॉक्टरांना तोच निकाल लागतो.

बायोप्सीसाठी नाव नोंदवताना आधार कार्ड पुढे करा आणि त्यावरचंच नाव लिहून घ्या. ही गोष्ट मी मुद्दाम ठासून सांगते. आधारवर माहेरचं आडनाव, रेशनकार्डावर सासरचं आणि तपासणीच्या कागदावर घाईत सांगितलेलं घरातलं हाकेचं नाव, अशी एकाच बाईची तीन नावं फाइलमध्ये असतात. संगणकाला त्या तीन वेगळ्या बायका वाटतात. दुरुस्तीसाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र लागतं आणि ते हाती येईपर्यंत दिवस वाया जातात. आजारपण नसतानाच प्रत्येक घराने आपल्या बायकांची कागदावरची नावं एकदा जुळवून पाहावीत, असं मला कळकळीने वाटतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना

सर्वांत आधी इथेच जायचं. राज्याची ही योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत योजना राज्यात एकत्रित राबवल्या जातात. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार अंगीकृत म्हणजे योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात रोख पैसे न भरता मिळतात. हे ५ लाख अख्ख्या कुटुंबाचे असतात, एकट्या रुग्णाचे नाहीत. पूर्वी मर्यादा दीड लाख होती आणि लाभ मुख्यतः पिवळ्या, केशरी रेशनकार्डांना होता. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने मर्यादा वाढली आणि पांढऱ्या कार्डाची कुटुंबंही योजनेत आली. तरीही "आमचं कार्ड पांढरं, आम्हाला कुठलं मिळतंय" असं म्हणून परत फिरणारे लोक आजही भेटतात. तुम्ही फिरू नका, विचारा.

कागद मोजकेच: रेशनकार्ड, आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र आणि आजाराचे अहवाल. आयुष्मान कार्ड काढलेलं असेल तर तेही. कुटुंब कोणतं हे रेशनकार्डावरून ठरतं, म्हणून रुग्ण बाईचं नाव कार्डावर असायलाच हवं. लग्नानंतर कित्येकींचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढतच नाही. असं असेल तर त्याच दिवशी तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा शिधावाटप कार्यालयात अर्ज द्या. सोबत माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला जोडा.

अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र म्हणजे योजनेचे मदतनीस बसलेले असतात. तिथे नोंदणी होते, मग डॉक्टर तपासतात आणि रुग्णालय ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं. अर्ज तुम्ही भरायचा नसतो, पण तो गेला की नाही हे विचारत राहायचं असतं. "मंजुरी आली नाही" असं उत्तर मिळालं तर पुढचा प्रश्न विचारा: नाकारली आहे की क्वेरी आली आहे? क्वेरी म्हणजे एखादा अहवाल कमी आहे किंवा नीट दिसत नाही. तो पुन्हा जोडला की अर्ज पुढे सरकतो. कितीतरी नातेवाईक क्वेरीलाच नकार समजून खाजगीत पैसे भरून मोकळे होतात.

आणखी एक. या आजारात उपचार टप्प्याटप्प्याने होतात: शस्त्रक्रिया, केमो, लाइट म्हणजे रेडिएशन. कधी गाठ लहान करण्यासाठी केमो आधी देतात. प्रत्येक टप्प्याची मंजुरी वेगळी घ्यावी लागते. रुग्णालयात शस्त्रक्रिया होते पण लाइटचं यंत्र नाही, असंही असतं. मग दुसऱ्या अंगीकृत रुग्णालयात नव्याने नोंदणी करावी लागते. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा की पुढचे सगळे टप्पे इथे होतील का आणि लिहून दिलेलं कोणतं औषध योजनेच्या पॅकेजमध्ये बसत नाही. मंजूर उपचारासाठी कुणी पैसे मागितले किंवा कार्ड असून दाखल करून घेतलं नाही तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नि:शुल्क क्रमांकांवर तिथूनच तक्रार करा. तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

मुख्यमंत्री सहायता निधी

वरच्या योजनेतून उपचार होत नसेल तर इकडे वळायचं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांच्या आत हवं. केमो, रेडिएशन आणि कर्करोगाची शस्त्रक्रिया यांसाठी मदत मिळते आणि ती थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. रुग्णालय निधीच्या यादीवर असावं लागतं, ते आधी तपासा.

अर्जासोबत लागतात: उपचाराच्या खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा चालू आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रुग्णाचं आधार कार्ड, रेशनकार्ड, आजाराचे अहवाल आणि रुग्ण दाखल असेल तर जिओटॅग केलेला, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो. खाजगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं आणि लोक हमखास इथेच अडकतात. अर्जासाठी आता मुंबई गाठायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयांत निधीचे कक्ष सुरू झाले आहेत.

उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढता येतो. त्याला १५ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून बायोप्सीचा अहवाल यायची वाट न बघता अर्ज टाकून द्या. गाठ साधी निघाली तर आनंदच आहे, दाखला दुसऱ्या कामाला येईल.

धर्मादाय रुग्णालयं

मोठ्या शहरांतली अनेक नावाजलेली रुग्णालयं सार्वजनिक न्यासाची आहेत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड आणि आधार घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटा. पैसे भरण्याच्या खिडकीवर याबद्दल कुणी आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. खाट नाही असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जा.

प्रवास आणि घरखर्च

रेल्वेत कर्करुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात भरून दिलेलं प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर जावं लागतं. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहेच.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत कर्करोगासारख्या गंभीर आजाराच्या रुग्णांचाही समावेश आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. वय १८ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आणि किमान १५ वर्षांचा राज्यातला रहिवास, अशा अटी आहेत. महिना १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट फारच कडक आहे आणि ती शिथिल व्हावी म्हणून महिला संघटनांनी, ग्रामसभांनी आवाज उठवायला हवा. ज्या बाईची रोजची मजुरी केमोमुळे बुडते तिला या पैशाचा आधार कळतो.

सोबतीचा माणूस आणि फाइल

केमोच्या दिवशी रांगेत उभं राहायचं बळ रुग्णात नसतं. कागदांची जबाबदारी घरातल्या किंवा बचत गटातल्या एकाच व्यक्तीने घ्यावी. दर वेळी नवा माणूस आला की आरोग्यमित्राला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. उपचार घेऊन बऱ्या झालेल्या बाईशी एकदा बोलणं करून द्या. केस गळाल्यावर काय केलं, स्तन काढल्यावर आतून काय घालतात, नवऱ्याशी कसं बोललीस, हे प्रश्न रुग्ण डॉक्टरांना विचारणार नाही, या बाईला विचारेल. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे अशा गटांची माहिती असते.

फाइलमध्ये मूळ कागद वेगळे ठेवा आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स काढा. प्रत्येक मुक्कामानंतर डिस्चार्ज कार्ड मागून घ्या, त्यावर कोणती औषधं किती मात्रेत दिली ते लिहिलेलं असावं. बायोप्सी जिथे झाली तिथून अहवालासोबत स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, ताब्यात घ्या, कारण मोठी कर्करोग रुग्णालयं तो पुन्हा तपासतात आणि नसेल तर तुकडा पुन्हा काढायची वेळ येऊ शकते. ब्लॉक उन्हात किंवा गरम जागी ठेवू नका. डबीवर रुग्णाचं नाव आणि लॅबचा क्रमांक लिहिलेला आहे ना, हे लॅबमधून निघण्याआधीच पाहून घ्या.