हिब्रू येते, पण 'जाणीव'? इस्रायलच्या शाळांतील ज्यू अभ्यासाची पार्श्वभूमी

संदेष्टा यहेज्केलच्या ग्रंथात, पहिल्याच अध्यायात, आगीच्या मधोमध काहीतरी लखलखतं. मूळ हिब्रूत त्याला 'हश्माल' म्हटलं आहे. इस्रायलमधल्या मुलाला हा शब्द लहानपणापासून ठाऊक असतो, कारण घरी येणारं विजेचं बिल 'हश्माल'चंच असतं. १९व्या शतकात एका कवीने तो जुना शब्द उचलून विजेला दिला. आता तोच मुलगा वर्गात यहेज्केल वाचायला बसला की शब्द ओळखीचा निघतो आणि अर्थ परका. हिब्रू मातृभाषा असलेल्या मुलांना ज्यू ग्रंथ वेगळे का शिकवावे लागतात, याचं उत्तर मला या एका शब्दात दिसतं.

१९०५ मध्ये, इस्रायल राष्ट्र होण्याआधी, पॅलेस्टाईनमधल्या याफो शहरात हिब्रू माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा निघाली. १९१३ मध्ये हैफात उभ्या राहत असलेल्या तंत्रशिक्षण संस्थेत विज्ञान जर्मनमधून शिकवायचं ठरलं, तेव्हा शिक्षक आणि विद्यार्थी संपावर गेले आणि निर्णय फिरवावा लागला. भाषेची लढाई तिथे जिंकली. मात्र या नव्या शाळांत तनाख, म्हणजे हिब्रू बायबल, प्रामुख्याने भूमीचा आणि लोकांचा इतिहास म्हणून वाचला जाई, आणि तालमूद, म्हणजे धर्मशास्त्रावरच्या चर्चांचा ग्रंथ, मागे पडला.

१९५३ च्या कायद्याने राजकीय पक्षांशी बांधलेल्या शिक्षणप्रवाहांची जागा सरकारी आणि सरकारी-धार्मिक अशा दोन व्यवस्थांनी घेतली. कडव्या सनातनी शाळा बाहेर राहिल्या. धर्माचा अभ्यास धार्मिक शाळांचा, मग सरकारी शाळेतल्या मुलाला काय द्यायचं? या प्रश्नाला सरकारने १९५५ मध्ये एका शब्दात उत्तर दिलं: 'तोदाआ येहूदित', म्हणजे ज्यू जाणीव.

हा शब्द नीट पाहायला हवा. 'तोदाआ'चा धातू य-द-अ, म्हणजे जाणणे. मराठीत जाणणे वरून 'जाणीव' होते, तसंच. पण जाणण्याची परीक्षा घेता येते. जाणिवेची परीक्षा कशी घेणार? १९५७ पासून कार्यक्रम शाळांत आला: प्रार्थनांची ओळख, सणांचे विधी, बाहेरच्या देशांतल्या ज्यूंशी नातं. डाव्यांना वाटलं, मागच्या दाराने धर्म आणला जातोय. धार्मिक मंडळी म्हणाली, आज्ञा न पाळता विधी शिकणं म्हणजे नुसती लोककथा. १९५९ मध्ये यावर संसदेत चर्चा झाली. माझ्या मते दोन्ही टीकांत तथ्य होतं, तरी मुलाच्या हाती पूर्वजांचा ग्रंथ द्यायलाच हवा होता.

कोणते पूर्वज, हाही प्रश्न होताच. त्याच काळात कोकण-मुंबईतून बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबं तिकडे जात होती. त्यांच्या घरी एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने मलिदा होत असे. वल्हांडण सणाचा विधिग्रंथ, हग्गादा, मुंबईत १८४६ मध्येच मराठीत छापला गेला होता. अभ्यासक्रमातला 'वारसा' मात्र बहुतांशी युरोपातला राहिला. पौर्वात्य, म्हणजे आशिया-उत्तर आफ्रिकेतल्या, ज्यूंचा वारसा शाळांत आणण्याच्या शिफारशी सरकारच्या टेबलावर सविस्तर आल्या त्या २०१६ मध्ये.

दरम्यान १९९१ मध्ये नेमलेल्या समितीने १९९४ च्या अहवालात सरकारी शाळांतल्या ज्यू अभ्यासाची घसरण मांडली आणि हे विषय संस्कृती म्हणून, अनेक अन्वयार्थांसह शिकवावेत असं सुचवलं. 'जाणीव' हा शब्द मागे पडून 'ज्यू-इस्रायली संस्कृती' आला.

बारावीअखेरच्या 'बगरूत' परीक्षेत विषयाची पातळी एककांत मोजतात. ५ एककं ही प्रगत पातळी. तनाख, हिब्रू साहित्य, ज्यू तत्त्वचिंतन यांपैकी काहीही या पातळीवर घेता येतं, आणि हिब्रू भाषेचा पेपर या सगळ्यांहून निराळा. 'हश्माल'चा धातू एका तासाला, यहेज्केल दुसऱ्या तासाला.