गाण्याच्या तालावर आटणारे कापड

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर मागावरून उतरलेले लोकरीचे कापड लगेच वापरता येत नसे. त्याची वीण सैल असे, लोकरीतील लॅनोलिन हे नैसर्गिक मेण आणि सूत कातताना लावलेले तेल त्यात तसेच राहिलेले असे, आणि अटलांटिकवरचा वारा त्यातून आरपार जाई. ते दाट करण्याचे ‘वॉकिंग’ नावाचे काम बायका करत.

कापड आधी साठवलेल्या शिळ्या मूत्रात भिजवत. यामागे पक्के रसायनशास्त्र आहे: जिवाणू मूत्रातील युरियापासून अमोनिया तयार करतात आणि या अल्कधर्मी द्रावात तेलकटपणा सुटतो. मग लांब फळीभोवती बसून ते ओले कापड आपटत, चोळत आणि सूर्य फिरतो त्या दिशेने, म्हणजे उजवीकडून डावीकडे, शेजारणीकडे सरकवत. लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात व त्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. त्यामुळे ओल, ऊब आणि मर्दन मिळाले की केस मुळाच्या दिशेने सहज सरकतो, पण मागे येताना शेजारच्या केसांच्या खवल्यांत अडकतो. असे असंख्य केस एकमेकांत गुंतून कापड आटते व जाड होते. सुती धाग्याला खवले नसल्याने त्याचे असे होत नाही.

आपटण्याचा ताल एकसारखा राहावा म्हणून गेलिक या तिथल्या जुन्या भाषेतील गाणी म्हणत. एक बाई कडवे म्हणे, बाकीच्या अर्थहीन अक्षरांचे ध्रुवपद उचलत. कापड किती आटले हे मधल्या बोटाने मोजत आणि कमी वाटले तर आणखी एक गाणे सुरू होई. प्रवासी लेखक थॉमस पेनंट यांच्या 1772 च्या प्रवासाच्या वर्णनातील एका चित्रात जात्यावर दळणाऱ्या आणि पायांनी कापड तुडवणाऱ्या बायका एकत्र दिसतात.

स्कॉटिश पोशाखाचा इतिहास बहुधा टार्टन हे चौकड्यांचे कापड, कुळे आणि सरदार यांच्याभोवती फिरतो. मला मात्र ही गाणी अधिक मोलाची वाटतात, कारण प्रेम, विरह आणि बुडालेल्या माणसांचा शोक त्यांत बायकांच्याच शब्दांत आला आहे, आणि त्यांपैकी काही सतराव्या शतकापासून तोंडी टिकून आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम गिरण्यांकडे गेले. 1993 च्या कायद्यानुसार हॅरिस ट्वीड हे या बेटांवरचे लोकरी कापड आजही विणकराच्या घरीच विणावे लागते. ते धुऊन दाट करण्याचे काम मात्र बेटांवरच्या गिरण्यांत यंत्रे करतात. गाण्यांची ध्वनिमुद्रणे एडिनबर्ग विद्यापीठात 1951 साली स्थापन झालेल्या स्कॉटिश अभ्यास केंद्राच्या संग्रहात आहेत.