निसर्गछायाचित्रण

निसर्गछायाचित्रण : वन्य प्राणी, पक्षी, कीटक, वनस्पती आणि भूदृश्ये यांची त्यांच्या मूळ ठिकाणी छायाचित्रे घेण्याची कला. स्टुडिओत समोरच्याला ‘जरा इकडे पाहा’ असे सांगता येते. रानात ती सोय नाही. माणसाची चाहूल लागताच जनावर निघून जाते, किंवा थांबले तरी त्याचे वागणे बदलते. म्हणून छायाचित्रकाराने स्वतःला तिथून नाहीसे कसे करायचे, हाच या कलेपुढचा पहिल्यापासूनचा प्रश्न आहे.

इंग्लंडच्या यॉर्कशरमधल्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी तो फार जिद्दीने सोडवला. चेरीने १८९२ मध्ये अंडी असलेल्या घरट्याचे छायाचित्र घेतले. १८९५ मध्ये दोघांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरचे सचित्र पुस्तक निघाले. घरटे जागचे हलत नाही, पक्षी मात्र उडून जातो, आणि उघड्या कुरणात तर आडोसाही नसतो. चरणाऱ्या गुरांना पक्षी बुजत नाहीत हे ओळखून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ सांगाडा करून घेतला. त्याच्या पोटात तासन्‌तास अवघडून उभे राहायचे आणि कातड्यातल्या छिद्रातून चित्र टिपायचे, असा तो उद्योग होता. आजचे कापडी लपण, म्हणजे छायाचित्रकार आत दडून बसतो तो लहानसा तंबू, ही त्याच कल्पनेची सुटसुटीत आवृत्ती. लपण एकदम घरट्याशेजारी उभारत नाहीत. लांब ठेवून काही दिवसांत थोडे थोडे पुढे सरकवतात. आत जाताना दोघे जातात आणि एकजण उघडपणे बाहेर पडून निघून जातो. पुष्कळ पक्ष्यांना तेवढी मोजदाद जमत नाही. माणूस गेला असे समजून ते घरट्यावर परततात.

रात्रीचे रान त्याहून अवघड. अमेरिकेतले वकील जॉर्ज शिरास हे मूळचे शिकारी. होडीतून दिव्याचा झोत टाकून हरणाला खिळवून ठेवण्याची शिकाऱ्यांची युक्ती त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेऱ्यासाठी वापरली. पुढे त्यांनी वाटेत तार ताणली : जनावराचा धक्का लागला की मॅग्नेशियमची पूड भडके आणि चित्र उमटे. नॅशनल जिओग्राफिकने जुलै १९०६ च्या अंकात त्यांची ७४ छायाचित्रे छापली. भारतात वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी याच पद्धतीने १९२० च्या दशकात मोकळ्या रानातले वाघ टिपले. चित्रे शेजारी ठेवून पाहताना, पट्ट्यांच्या नक्षीवरून एक वाघ दुसऱ्यापासून ओळखता येतो हेही त्यांनी नोंदवले. व्याघ्रगणनेतले कॅमेरा ट्रॅप आज याच खुणेवर चालतात. तारेच्या जागी उष्णता आणि हालचाल टिपणारा संवेदक आला, एवढाच फरक. आपण हजर नसताना घेतलेले चित्र आपले कसे, असे कोणी विचारते. ज्याने पाऊलखुणा वाचून वाट निवडली, कॅमेऱ्याची उंची आणि प्रकाशाचा कोन ठरवला, त्याचेच ते चित्र, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सूक्ष्म विषयांत तर श्वाससुद्धा आड येतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातले शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि पुढे हयातभरात ५,००० हून अधिक घेतली. ऊब लागून कण विरू नये म्हणून ते बिनशेकोटीच्या थंडगार खोलीत काम करत.

धोकाही खराच असतो. ब्रिटिश पक्षीछायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांचा डावा डोळा १९३७ मध्ये पिल्लांच्या रक्षणासाठी झेपावलेल्या घुबडाच्या नख्यांनी गेला. तरीही त्यांनी घुबडांची छायाचित्रे घेणे सोडले नाही.

भूदृश्यात पळून जाणारे काही नसते. तिथे वाट पाहायची ती प्रकाशाची. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीतल्या हाफ डोम कड्यासमोर पोहोचले तेव्हा त्यांच्याकडे चित्र टिपायच्या दोनच काचपट्ट्या उरल्या होत्या. पहिली पिवळा फिल्टर लावून घेतली. मग आभाळ मनात होते तितके काळे यावे म्हणून शेवटचीला गडद लाल फिल्टर लावला, आणि तेच चित्र गाजले. त्याच दरीची कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये घेतलेली भव्य छायाचित्रे १८६४ मध्ये तिला संरक्षण मिळण्याच्या कामी आली होती.

तंत्र थोडक्यात असे : उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास, लांबच्या जनावरासाठी ४०० ते ६०० मिमीची लेन्स, आणि कॅमेरा शक्यतो जनावराच्या डोळ्याच्या उंचीवर. हे महिन्याभरात शिकता येते. कोणता पक्षी कोणत्या फांदीवर परततो, वारा कुठून आहे, जनावर बिथरण्याआधी कान कसे हलवते, हे कळायला मात्र वर्षे लागतात. केवळ यावर पोट भरणारे थोडे. बहुतेकांना दुसरी नोकरी, सहली किंवा कार्यशाळा यांचा आधार घ्यावा लागतो.

या कलेतला सर्वांत गंभीर दोष म्हणजे चित्रासाठी जिवाला दिलेला त्रास. घरट्यापुढची पाने छाटली की पिल्ले उन्हात आणि शिकारी पक्ष्यांच्या नजरेत उघडी पडतात. ध्वनिमुद्रित साद वाजवून नराला पुन्हा पुन्हा बोलावले की तो खाणे सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याला शोधत राहतो. कुंपणावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या एका चित्राला २००९ मध्ये वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता असा निष्कर्ष निघाल्याने पुढच्या वर्षी ते काढून घेण्यात आले. मोठ्या स्पर्धांत आता मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली संस्कार न केलेली फाइल, तपासली जाते. दुर्मीळ जातींची चित्रे प्रसिद्ध करताना जाणते छायाचित्रकार त्यांतली जागेची नोंद पुसून टाकतात, कारण तस्करही ती वाचू शकतात.