एव्हरेस्टची उंची: खडकापर्यंत की बर्फापर्यंत?

एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक समुद्रातला आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्रात साचलेल्या या चुनखडीत ट्रायलोबाइट आणि क्रिनॉइड या सागरी जीवांचे तुकडे सापडतात. तिच्याखाली पिवळसर संगमरवराचा पट्टा आहे आणि दोन्हींच्या मध्ये एक मोठा प्रस्तरभंग. भारतीय भूपट्ट सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी युरेशियाला धडकला, तेव्हापासून हा सगळा थर वर ढकलला गेला.

वाद आहे तो या खडकावर साचलेल्या काही मीटर बर्फाचा.

१८५६ मध्ये जाहीर झालेली २९,००२ फुटांची उंची भारतातल्या मैदानातून, दीडशेहून अधिक किलोमीटरवरून घेतलेल्या कोनांवर काढलेली होती, कारण नेपाळमध्ये सर्वेक्षकांना प्रवेश नव्हता. १९५५ मध्ये भारतीय सर्वेक्षकांनी नेपाळमधून, बरंच जवळून मोजून ८,८४८ मीटर हा आकडा दिला. तोच पाठ्यपुस्तकांत रुजला.

२००५ मध्ये चिनी पथकाने रडार वापरून बर्फाची जाडी साडेतीन मीटर धरली आणि ती वजा करून ८,८४४.४३ मीटर ही खडकाची उंची जाहीर केली. बर्फ ऋतूनुसार कमीजास्त होतो, खडक होत नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण जगभर हिमाच्छादित शिखरं बर्फासकटच मोजली जातात. एकट्या एव्हरेस्टचा बर्फ खरवडून काढला, तर इतर शिखरांशी तुलना कशी करायची? म्हणूनच उंची बर्फासकटच धरावी, हा नेपाळचा आक्षेप मला रास्त वाटतो. २०१० मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांचे आकडे मान्य केले: चीनचा खडकाचा, नेपाळचा बर्फासह. ही तडजोड होती, प्रश्न तसाच राहिला. शिवाय नेपाळ जो आकडा सांगत होता, तो त्याने स्वतः मोजलेला नव्हता.

एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर शिखर खचलं का, अशी शंका निघाली आणि नेपाळने स्वतःच मोजणी हाती घेतली. समुद्रसपाटीचा संदर्भ तराईपासून डोंगरापर्यंत पातळी मोजत वर आणला, गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी घेतल्या. मे २०१९ मध्ये नेपाळी सर्वेक्षकांनी, गर्दी टाळण्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास, माथ्यावर उपग्रहांचे संकेत टिपणारं यंत्र लावलं. वर्षभराने, मे २०२० मध्ये, चिनी पथक तिबेटच्या बाजूने चढलं. ८ डिसेंबर २०२० रोजी दोन्ही देशांनी मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. ती बर्फाच्या माथ्याची आहे.