भूपट्ट कधीपासून सरकू लागले? कँब्रियनपूर्व भूकवचाच्या वादाची पार्श्वभूमी

पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे, आणि त्यातली जवळपास ८८ टक्के वर्षे कँब्रियनपूर्व काळात, म्हणजे सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वीच्या आधीच्या काळात मोडतात. एवढ्या मोठ्या कालखंडातले खडक कालक्रमाने लावायचे कसे, हे एकोणिसाव्या शतकात कुणालाच उमगत नव्हते, कारण क्रम ठरवायला लागणारे जीवाश्म त्यांत जवळजवळ नव्हते. १९११ मध्ये आर्थर होम्स यांनी युरेनियम आणि शिसे यांच्या प्रमाणावरून खडकांची वये काढली, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

१९६० च्या दशकात भूपट्टांचा सिद्धांत रुजला: पृथ्वीचे कवच मोठ्या तुकड्यांचे, म्हणजे भूपट्टांचे बनलेले असून ते आडवे सरकतात आणि काही ठिकाणी एकमेकांखाली बुडतात. साहजिकच तो प्राचीन खंडांनाही लावून पाहिला गेला, पण तिथे तो नीट बसेना. भूपट्ट तेव्हाही आजच्यासारखे आडवे सरकत होते, की कवचाची हालचाल तेव्हा वेगळ्याच प्रकारची होती, हाच तो वाद. १९६९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन परिसरातून कोमॅटाइट या लाव्हाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यातले काही लाव्हा जवळपास १६०० अंश सेल्सिअसला बाहेर पडले असावेत. आजचा बेसाल्ट साधारण १२०० अंशांचा असतो. म्हणजे तेव्हाचे प्रावरण (कवचाखालचा जाड थर) बरेच जास्त तापलेले होते. अशा उष्णतेत भूपट्ट मऊ राहतो, आणि खाली बुडणारा भाग लवकर तुटतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात तर वेगळेच चित्र दिसते. ग्रॅनाइटचे प्रचंड घुमट वर आलेले आणि त्यांच्या मधल्या फटींत बेसाल्टी हरितपाषाणांचे (बदल होऊन हिरवट झालेल्या खडकांचे) पट्टे खोल दबलेले. जड बेसाल्ट वर, हलका आणि तापून मऊ झालेला ग्रॅनाइट खाली, अशी उलटी रचना झाली की हालचाल आडवी नव्हे, उभी होते. माझ्या मते या वादातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे, कारण तो नकाशावर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

आडव्या सरकण्याच्या बाजूचा पुरावा हिऱ्यांत सापडला. सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीपासूनच्या हिऱ्यांत एक्लोजाइटचे कण आढळतात. त्याआधीच्या हिऱ्यांत ते नाहीत. एक्लोजाइट म्हणजे खोल गाडला गेलेला बेसाल्ट, म्हणून समुद्रतळ प्रावरणात बुडायला तेव्हा सुरुवात झाली, असे २०११ मध्ये मांडले गेले. सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचा कोलंबिया महाखंड (बहुतेक खंड एकत्र येऊन झालेला भूभाग) आणि नंतरचा रोडिनिया महाखंड यांच्या जुळणीसाठी तर खंडांचे आडवे सरकणे गृहीत धरावेच लागते.

तरीही थंड आणि खोल गाडल्या जाण्याची खूण असलेले निळे शिस्ट हे खडक ८० कोटी वर्षांपूर्वीच्या आधी जवळजवळ मिळत नाहीत. त्यामुळे हा बदल एका रात्रीत झाला नाही, प्रावरण निवत गेले तसा ठिकठिकाणी वेगवेगळ्या वेळी झाला, हे मत मला अधिक पटते.