नॉर्वेच्या फ्योर्डांतील स्पीडबोट सफर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे अरुंद, खोल फाटे डोंगररांगांमध्ये दूरवर शिरलेले आहेत. त्यांना फ्योर्ड म्हणतात. या फाट्यांमधून सुमारे बारा प्रवासी बसतील अशा उघड्या, वेगवान नौकेतून जाणकार चालकाबरोबर केली जाणारी पर्यटनफेरी म्हणजे फ्योर्डांतील स्पीडबोट सफर होय. नॉर्वेत ती ‘फ्योर्डसफारी’ या नावानेही ओळखली जाते. सफर साधारणपणे दीड ते दोन तासांची असते. सोग्नेफ्योर्डच्या आउरलान्सफ्योर्ड व नेरोयफ्योर्ड या शाखा आणि त्यांच्या उत्तरेकडील गाइरांगरफ्योर्ड ही या सफरींची सर्वांत प्रसिद्ध क्षेत्रे आहेत. जाहिरातींत तिच्या वेगाचा व थराराचा गाजावाजा अधिक होत असला, तरी पर्यटकाला पाण्याच्या पातळीवर बसवणे आणि हव्या त्या कड्याखाली नेऊन थांबवणे, हेच तिचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल.

कोकणातल्या खाड्या आणि फ्योर्ड यांत वरवर साम्य दिसते, कारण दोन्हीकडे खारे पाणी दरीत शिरलेले असते. कोकणात मात्र नद्यांनी कोरलेल्या दऱ्यांची मुखे समुद्राने व्यापली आणि त्या खाड्या गाळाने उथळ होत गेल्या. नॉर्वेत दऱ्या कोरल्या त्या हिमनद्यांनी. हिमयुगांच्या दीर्घ काळात प्रचंड जाडीचा बर्फ मूळच्या नदीखोऱ्यांतून सरकत राहिला आणि त्याने तळाचा कातळ समुद्रसपाटीच्याही कितीतरी खाली खरवडून काढला. मुखाजवळ बर्फ पसरून पातळ झाल्यामुळे तेथील झीज कमी झाली व तळाशी एक उंबरठा शिल्लक राहिला. म्हणूनच सुमारे २०५ किमी लांबीच्या सोग्नेफ्योर्डची कमाल खोली १,३०० मीटरांहून अधिक असूनही मुखाजवळच्या उंबरठ्यावर पाणी २०० मीटरही खोल नाही. नेरोयफ्योर्ड व गाइरांगरफ्योर्ड या दोहोंना युनेस्कोने २००५ मध्ये जागतिक वारसा यादीत एकत्रित स्थान दिले. येथील कडे पाण्यापासून १,४०० मीटरांपर्यंत उभे चढतात आणि तेच कातळ पाण्याखालीही ५०० मीटरांपर्यंत उतरत जातात. काठाला उथळ पट्टी नसल्यामुळे लहान नौका कड्याला हात लागेल इतकी जवळ नेता येते, आणि सफरीतील अनेक प्रसंग त्यावरच अवलंबून असतात.

या सफरींसाठी वापरली जाणारी नौका ‘रिब’ (‘रिजिड इन्फ्लेटेबल बोट’ या इंग्रजी नावाचे लघुरूप) या नावाने परिचित आहे. तिचा तळ फायबरग्लासचा किंवा ॲल्युमिनियमचा, टणक व खोल ‘व्ही’ आकाराचा असतो आणि दोन्ही बाजूंना हवा भरलेल्या जाड नळ्यांचा काठ असतो. तळाच्या टोकदार आकारामुळे लाट कापली जाते. नळ्यांमुळे नौका पाण्याने भरली तरी तरंगत राहते आणि धक्क्याला किंवा दुसऱ्या नौकेला लागल्यास आघात सौम्य होतो. वेल्समधील अटलांटिक कॉलेज या शाळेत १९६०च्या दशकात, निवृत्त नौदल अधिकारी डेझमंड होर यांच्या पुढाकाराने व विद्यार्थ्यांच्या हातून ही रचना आकाराला आली. होर यांनी तिचे हक्क ब्रिटनच्या जीवरक्षक नौका संस्थेला नाममात्र एका पौंडात दिले. बुडत्या माणसाला वाचवण्यासाठी घडवलेली ही नौका पुढे पर्यटनात आली, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. कारण सफरीत जी सुरक्षितता गृहीत धरली जाते, ती त्या मूळ हेतूची देणगी आहे.

वेग वाढला की रिब पाण्यातून वर उचलली जाते व तळाच्या केवळ मागच्या भागावर घसरू लागते. सफरींतील वेग बहुधा ३० ते ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५५ ते ७४ किमी असतो. या अवस्थेत आडवी लाट आली की नौका क्षणभर हवेत जाते व आपटते. तो धक्का आसनातून थेट मणक्यात जातो. त्यासाठी आसने घोड्याच्या खोगिरासारखी बनवलेली असतात. प्रवासी त्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो, पुढचा दांडा धरतो आणि धक्का येताना गुडघ्यांवर किंचित उठून तो पायांनी झेलतो. निघण्यापूर्वी चालक हे करून दाखवतो. त्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण अशा नौकांवर मणके दबून मोडल्याच्या घटना नॉर्वेत व अन्यत्रही घडलेल्या आहेत. नौकेच्या पुढच्या टोकाकडील आसनांवर आपट सर्वांत जास्त बसते, मागच्या आसनांवर कमी. गर्भवती स्त्रियांना आणि पाठीचे दुखणे असणाऱ्यांना या सफरीपासून दूर राहण्यास सांगितले जाते.

प्रवाशाला पायापासून मानेपर्यंत झाकणारा, आत अस्तर असलेला तरंगता पोशाख दिला जातो. जोडीला चश्मा, हातमोजे व टोपी. भर उन्हाळ्यातही फ्योर्डचे पाणी थंड असते, अकस्मात पाण्यात पडल्यास श्वास अडकतो, आणि वेगाने येणारा वारा कोरड्या अंगालाही काकडवून टाकतो. चालकाच्या अंगाला इंजिनाच्या कळीशी जोडलेली एक दोरी असते. तो आसनावरून फेकला गेला तर ती सुटते व इंजिन तत्काळ बंद पडते.

सफरीचा सर्वाधिक प्रचलित मार्ग फ्लॉम या गावापासून सुरू होतो. २० किमी लांबीच्या उतारावर मिर्डालपासून ८६० मीटरांहून अधिक उतरणारी, १९४० मध्ये सुरू झालेली फ्लॉम रेल्वे येथेच संपते, त्यामुळे पर्यटकांचा ओघ या धक्क्यावर सतत असतो. नौका आउरलान्सफ्योर्डमधून उत्तरेकडे निघते. उजव्या हाताला आउरलांड गाव आणि त्याच्या वर, पाण्यापासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, कड्याबाहेर झेपावलेला स्टेगास्टाइनचा लाकडी सज्जा दिसतो. डाव्या काठावरील उंड्रेडाल हे शंभराच्या आसपास वस्तीचे गाव १९८८ पर्यंत रस्त्याने जोडलेलेच नव्हते. तेथील प्रत्येक वस्तू व प्रत्येक पाहुणा पाण्यावरून येत असे. गावात बाराव्या शतकातले, जेमतेम चाळीस माणसे बसतील एवढे लाकडी चर्च आहे. येथे शेळीच्या दुधाचे चीज अजूनही परंपरेने बनते. त्यातला तपकिरी प्रकार करताना दूध फाटून उरलेली निवळी तासन्‌तास आटवतात. तिच्यातली साखर खरपूस होऊन भाजलेल्या खव्याचा रंग व गोडसर चव येते. अनेक सफरी या धक्क्याला थांबतात, आणि थांबत नसतील तर थांबणारी निवडावी.

पुढे बाइटेलेन या डोंगराच्या टोकाला वळसा घालून नौका नेरोयफ्योर्डमध्ये शिरते, आणि येथे चालक बहुधा वेग उतरवतो. हा फाटा सुमारे १७ किमी लांब असून सर्वांत अरुंद जागी त्याची रुंदी केवळ २५० मीटर आहे. दोन्हीकडचे कडे एवढे जवळ येतात की मोठ्या जहाजाच्या गच्चीवरूनही त्यांचा माथा पाहायला मान मागे टाकावी लागते. पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच बसलेल्या माणसाला तर आकाशाची एक पट्टीच उरते. इंजिन बंद केले की वितळत्या बर्फाचे पाणी कातळावरून ओघळताना ऐकू येते. पृष्ठभागाचे पाणी नद्या व धबधब्यांमुळे मचूळ असते आणि जड खारे पाणी त्याच्या खाली राहते. हिमनद्यांनी दळलेली बारीक कातळपूड वरच्या थरात तरंगत असेल, तेव्हा त्याला दुधाळ हिरवी झाक येते. काठावरच्या खडकांवर सील पहुडलेले असतात. डॉल्फिनहून लहान असा पोरपॉइज पाठ दाखवून बुडी मारतो, आणि पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुडही अधूनमधून दिसतो. शेळ्या मात्र उतारावर हमखास भेटतात. शेवटी गुडवांगेन येते, जेथे केलफॉसेन हा धबधबा कड्यावरून टप्प्याटप्प्याने शेकडो मीटर खाली येतो.

नेरोयफ्योर्डचा काठ आज निर्जन वाटला, तरी तो एके काळी राजमार्ग होता. १६४७ मध्ये सुरू झालेल्या टपालव्यवस्थेत आजच्या ऑस्लोहून बर्गेनला जाणारी डाक या फाट्यातून वल्ह्यांच्या होड्यांनी नेली जाई. हिवाळ्यात पृष्ठभागाचे पाणी गोठून होडी चालेनाशी झाली, की स्टीवी या वस्तीजवळच्या काठावरील पायवाटेने डाक वाहिली जाई. ती वाट आजही चालता येते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेच्या नौकांबरोबर परदेशी प्रवासी आले. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म १८८९ पासून जवळजवळ दर उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेत येत असे आणि जुलै १९१४ मध्ये युद्धाची चाहूल लागली तेव्हाही तो सोग्नेफ्योर्डच्या काठी बालेस्ट्रांडजवळ होता. गुडवांगेनहून फ्लॉमच्या दिशेने जाणारा ११ किमींहून लांब बोगदा १९९१ मध्ये खुला झाला. आता मोटारीने काही मिनिटांत होणारा प्रवास पाण्यावरून करायचा तो केवळ पाहण्यासाठी.

गाइरांगरफ्योर्ड हा सुमारे १५ किमीचा फाटा ‘सात बहिणी’ या धबधबासमूहासाठी आणि कड्यांच्या अरुंद पायऱ्यांवर बसलेल्या, आता ओस पडलेल्या शेतघरांसाठी ओळखला जातो. त्यांपैकी स्कागेफ्लो येथे राजे हाराल्ड व राणी सोन्या यांनी १९९३ मध्ये आपल्या विवाहाचा रौप्यमहोत्सव साजरा केला. या डोंगरांचे दुसरे रूपही आहे. १९३४ मध्ये जवळच्या टाफ्योर्डमध्ये दरड कोसळून उठलेल्या लाटेने ४० माणसे मृत्युमुखी पडली, आणि ओकेर्नेसेट येथील भेगाळलेल्या डोंगरउतारावर आता उपकरणांद्वारे अहोरात्र लक्ष ठेवले जाते.

या सफरींवर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. समोरासमोरच्या कातळभिंतींमुळे इंजिनाचा आवाज घुमत राहतो, नौकेमागे उठणाऱ्या लाटा काठावर आपटून परत फिरतात, आणि चालकाने अंतर राखले नाही तर पक्षी व सील यांच्या विणीच्या काळात त्यांना त्रास होतो. धुराचा प्रश्न मुख्यतः मोठ्या जहाजांमुळे ऐरणीवर आला. दरीत हवा कोंडल्यास धूर पाण्यावर थरासारखा साचतो. नॉर्वेच्या संसदेने २०१८ मध्ये वारसा फ्योर्डांतील पर्यटक जहाजे व फेरीबोटी उत्सर्जनमुक्त करण्याचा ठराव केला. त्यानुसार झालेल्या नियमांत १०,००० टनांखालील प्रवासी जहाजांसाठी १ जानेवारी २०२६ ही, तर त्याहून मोठ्या जहाजांसाठी २०३२ ही मुदत ठरली. फ्लॉम व गुडवांगेन यांच्यामध्ये चारशे प्रवाशांचे संपूर्ण विद्युत जहाज २०१८ पासूनच चालते आहे. वेगवान रिबला हाच बदल अवघड जातो. पाण्यावर घसरत राहण्यासाठी तिला सतत मोठी शक्ती लागते, तेवढी शक्ती साठवणारे विद्युतघट जड असतात, आणि नौका जितकी जड तितकी तिला वर उचलण्यास आणखी शक्ती खर्च होते. संथ चालीत मात्र हीच नौका फार थोड्या ऊर्जेवर चालू शकते.