गणेशवेल सूर्यामागे फिरत नाही

जून लागला की सोलापुरात गणेशवेलीच्या बियांची विचारपूस सुरू होते. सोबत एक ठाम विधानही ऐकू येतं: वेल सूर्याच्या मागे फिरत चढते. हे चूक आहे आणि ते पडताळायला सोलापूर फार सोयीचं गाव आहे.

आपण साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, नंतर दक्षिणेला. म्हणजे वरून पाहिलं तर त्याचा दिवसाचा फेरा जूनमध्ये घड्याळाच्या उलट आणि ऑगस्टमध्ये सुलट. वेल सूर्यामागे जात असती तर श्रावणात तिने दिशा बदलली असती. ती बदलत नाही. शिवाय उबदार हवेत तिचा शेंडा दोन-तीन तासांत एक गिरकी घेतो, अंधारातसुद्धा!

ही गिरकी येते वाढीतून. शेंड्याखाली खोडाच्या एका बाजूच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून शेंडा दुसरीकडे झुकतो. जास्त वाढणारी ही बाजू खोडाभोवती सरकत राहते आणि शेंडा गोल फिरतो. त्यासाठी 'खाली' कुठे हे कळावं लागतं. अंतस्त्वचेच्या, म्हणजे खोडाच्या सालीतल्या सर्वांत आतल्या थराच्या, पेशींत स्टार्चने भरलेले जड कण असतात. खोड कललं की ते खालच्या बाजूला बसतात, ऑक्सिन हे संप्रेरक तिकडे साचतं आणि तिथल्या पेशी लांबतात. गणेशवेलीच्याच कुळातल्या जपानी मॉर्निंग ग्लोरीचा एक लोंबता वाण आहे. त्यात 'स्केअरक्रो' जनुकातल्या बिघाडाने अंतस्त्वचा नीट घडत नाही. त्याला वर-खाली कळत नाही आणि गिरकीही घेता येत नाही, हे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. मला हा प्रयोग विलक्षण सुंदर वाटतो.

२००७ सालच्या एका जागतिक पाहणीत गुंडाळत चढणाऱ्या वेलींपैकी ९२ टक्के उजव्या पिळाच्या, म्हणजे समोरून पाहता डावीकडून उजवीकडे वर जाणाऱ्या, निघाल्या, दोन्ही गोलार्धांत. गणेशवेलही त्यांतलीच. तेव्हा वेलीच्या वळणावरून घराची भरभराट सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका.

बियांचं कवच टणक असतं. पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकेच घासून रात्रभर भिजवा आणि पहिल्या दमदार पावसानंतर पेरा. कुंडीत निव्वळ काळी माती नको, पाणी तुंबतं. वाळू आणि कंपोस्ट मिसळा. युरिया टाळा, नाहीतर पानंच माजतात. आधाराला सुतळी बांधा. जाड पाइपला हा नाजूक शेंडा विळखा घालू शकत नाही. हाताने गुंडाळायची वेळ आली तर समोरून डावीकडून उजवीकडे वर न्या. उलट गुंडाळलीत तर ती सैल पडते आणि नवा शेंडा पुन्हा आपल्याच दिशेने वळतो.